पाळणाघरातल्या ताई शिकणार कधी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात एका आईने विचारलं होतं की पाळणाघरातल्या ताई ट्रेन्ड आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं, आणि उत्तरात मी लिहिलं होतं की आधी त्या ताईंना शिकायला मिळतंय का ते बघा. त्यावर पाळणाघर चालवणाऱ्या, तिथे काम करणाऱ्या, अंगणवाडीतल्या, अगदी अमेरिकेतल्या बायकांचेही मेसेज आले. म्हणून या वेळचं सदर पूर्ण याच विषयावर. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही.

प्रश्न : डोंबिवलीत माझं पाळणाघर आणि प्लेग्रुप आहे. चार ताई आहेत, दोघी बारावी झालेल्या, एक दहावी, एक नववीनंतर शाळा सुटलेली. पालक हल्ली क्वालिफिकेशन विचारतात. मी कोर्सची फी भरायला तयार आहे, पण ताई "बघू ना मॅडम, नंतर" म्हणून टाळतात. त्यांना इंटरेस्टच नाही असं समजायचं का?

इंटरेस्ट नाही असं नका म्हणू हो. एकदा त्यांच्या दिवसाकडे बघा. साडेसातला पाळणाघर उघडायचं म्हणजे ती बाई पहाटे उठून घरचे डबे करून निघालेली असते, मग दिवसभर कुणाची शी-शू, कुणाला भरवणं, कुणाला थोपटणं, संध्याकाळी लोकल लेट झाली म्हणून एखादं मूल सव्वासातपर्यंत थांबलेलं, आणि घरी गेल्यावर परत स्वयंपाक आणि भांडी. हिने असाइनमेंट लिहायची कधी, रात्री साडेदहाला? तुम्ही फी भरताय हे चांगलंच आहे, पण खरं सांगू का, फी ही सगळ्यात सोपी मदत आहे, एकदा ऑनलाइन भरली की आपलं काम संपतं. अवघड मदत म्हणजे वेळ, आणि तोही पगारी वेळ.

माझं याबाबतीत ठाम मत आहे की अभ्यास हा कामाचाच भाग धरायचा. आठवड्यातले दोन-तीन तास ठरवून टाका, समजा बुधवारी दुपारी, त्या वेळात त्या ताईने मुलांकडे बघायचं नाही, फोन घ्यायचे नाहीत, दुसऱ्या खोलीत बसून वाचायचं लिहायचं, आणि त्या तासांचा पगार नेहमीसारखाच. बरेच जण म्हणतात की दुपारी मुलं झोपतात तेव्हा करा की अभ्यास. पण झोपलेल्या मुलांकडेही कुणीतरी जागं, लक्ष देऊन बसलेलं लागतं, कुणी दचकून उठतं, कुणाला उलटी होते. आपल्या देशाच्या २०१३ च्या बालशिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक मोठं माणूस असं प्रमाण दिलंय, तेव्हा एक ताई अभ्यासाला बसली की तिच्या जागी कोण हे आधीच ठरलेलं पाहिजे. एखादी बदली ताई तेवढ्या तासांपुरती ठेवा किंवा तुम्ही स्वतः खोलीत उतरा. हा खर्च फीपेक्षा जास्त येईल हे मी मान्य करते, पण बजेट करायचं तर याचं करा.

आता कोर्स कुठला. इथे फार गोंधळ आहे आणि त्याचा फायदा घेणारेही भरपूर. तीन महिन्यांत डिप्लोमा, शंभर टक्के जॉब, गव्हर्नमेंट रेकग्नाइज्ड, असे बोर्ड गल्लोगल्ली दिसतात. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की सर्टिफिकेटवर सही-शिक्का कुणाचा, विद्यापीठाचा, बोर्डाचा, की त्या क्लासच्याच ट्रस्टचा. ट्रस्टचं असलं म्हणजे शिकवणं वाईटच असं नाही, काही संस्था खरंच उत्तम शिकवतात, पण उद्या ताई दुसऱ्या शहरात गेली तर तो कागद तिच्या किती उपयोगाचा हे कळलेलं बरं. तुमच्या बारावी झालेल्या दोघींसाठी इग्नूचा, म्हणजे घरी राहून शिकता येणाऱ्या मुक्त विद्यापीठाचा, अर्ली चाइल्डहुड केअर अँड एज्युकेशनचा (बालसंगोपन आणि बालशिक्षण) डिप्लोमा बघा. बारावी पास चालतं, कमीत कमी एक वर्षाचा आहे, जमलं नाही तर पुढे ढकलता येतो, जानेवारी आणि जुलै असे दोन प्रवेश असतात, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. त्यात मुलांसोबत करायचं प्रोजेक्टचं काम आहे आणि मुलं तर तुमच्याकडे रोजचीच आहेत, म्हणून नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बाईला तो सोयीचा पडतो. पुस्तकं आणि पेपर कुठल्या भाषेत मिळणार हे मात्र फॉर्म भरायच्या आधी स्टडी सेंटरला विचाराच. दुसरा रस्ता म्हणजे एनसीटीईच्या, म्हणजे शिक्षकांच्या कोर्सेसना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मान्यतेचा दोन वर्षांचा प्रीस्कूल एज्युकेशनचा डिप्लोमा, त्याला बारावीला पन्नास टक्के लागतात आणि तो रोज कॉलेजला जाऊन करायचा, म्हणजे नोकरी करणाऱ्या ताईसाठी जवळपास अशक्यच.

दहावी झालेल्या ताईला आधी बारावी करावी लागेल, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. नववीनंतर शाळा सुटलेल्या ताईलाही १७ नंबर चालेल, पण तिला मी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा, सुचवेन, कारण तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. या वयात सगळे विषय एकदम घेऊन बसायची धास्ती असते, ती तिथे उरत नाही. हिला वेळ लागेल हे तिला आणि स्वतःला आत्ताच सांगा. दोघी डिप्लोमा करतायत आणि ही अजून दहावीच्या गणितात अडकलीये असं होणार, तेव्हा तिला त्या दोघींच्या मागे पडल्यासारखं वाटू न देणं हे तुमचं काम आहे.

आणि कागदपत्रं! याबद्दल कुणी बोलत नाही पण निम्म्या बायका इथेच गळतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. दाखला गावाकडच्या शाळेत, मार्कशीट कुठल्याशा पुरात भिजलेली. त्यात फॉर्म भरताना ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर आणि तो असतो ड्यूटीवर. तेव्हा तुमच्याकडे जे कुणी ऑफिसचं काम बघतं त्यांना सांगून एक दिवस फक्त यासाठी काढा. लग्नाचं सर्टिफिकेट, नावबदलाचं राजपत्र, डुप्लिकेट मार्कशीटचा अर्ज, काय काय लागतंय ते प्रत्येकीचं वेगळं लिहून घ्या, आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या आणि बोर्डाच्या ऑफिसला जायला लागलं तर सुट्टी न कापता पाठवा. फॉर्म भरायला बसलात की ती स्वतः स्क्रीनसमोर असू दे, पासवर्ड तिच्या वहीत लिहिलेला असू दे. नाहीतर पुढे रिझल्ट बघायलासुद्धा तिला तुमच्याकडेच यावं लागतं.

आणखी एक, चौघींना एकदम ढकलू नका. आधी दोघी, त्याही जोडीने. एकटी बाई दुसऱ्या असाइनमेंटला सोडून देते, जोडीने असल्या की एकमेकींना धरून ठेवतात, "तू लिहिलंस का, मी लिहिते" असं चालतं. परीक्षेच्या आधी आठवडाभर पगारी सुट्टी द्या. जूनची परीक्षा नेमकी तुमच्या नव्या ॲडमिशनच्या गर्दीत येते, म्हणून ते एप्रिलमध्येच कॅलेंडरवर लिहून ठेवा, ऐन वेळी "या आठवड्यात नको गं" म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्या संस्थेची नाशिकला दोन पाळणाघरं आहेत. मी विश्वस्त आहे. मागे दोन मुलींना आम्ही कोर्स करवला, झाल्याबरोबर दोघी मोठ्या इंटरनॅशनल प्रीस्कूलमध्ये गेल्या. आता बाकीचे विश्वस्त म्हणतात की बॉन्ड लिहून घ्या, ओरिजिनल सर्टिफिकेट आपल्याकडे ठेवा. तुमचं मत?

सर्टिफिकेट ठेवून घेऊ नका. ते तिचं आहे, तिने कष्टाने मिळवलंय, आणि ते अडकवून ठेवलेली बाई मुलांसमोर कुठल्या मनाने उभी राहणार याचा विचार करा. एखादी बाई अशी थांबली तरी ती मनाने केव्हाच गेलेली असते.

मला तुमच्या पत्रात एक गोष्ट दिसली नाही. कोर्स झाल्यावर त्या दोघींचा पगार किती वाढवला होतात? पदाचं नाव बदललं का? बहुतेक ठिकाणी कोर्सच्या आधी ती "ताई", कोर्सनंतरही "ताई", पगार तोच, तेच डायपर, तीच फरशी, वर पालकांना सांगायला मात्र आमच्याकडे क्वालिफाइड स्टाफ. मग समोरच्या शाळेने चार-पाच हजार जास्त दिले तर ती जाणारच ना, तिच्या घरी पण मुलांच्या फिया आहेत.

यावर अमेरिकेतली एक पद्धत मला फार पटते. तिकडे टीच नावाची स्कॉलरशिप आहे, १९९० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाली आणि नंतर बऱ्याच राज्यांत गेली. त्यात फीचा मोठा हिस्सा स्कॉलरशिप देते, थोडा मालक देतो, थोडा ती ताई स्वतः देते. अभ्यासासाठी पगारी वेळ मिळतो. ठरलेला टप्पा पूर्ण झाला की बोनस किंवा पगारवाढ ही आधीच कागदावर लिहिलेली असते, आणि त्याच्या बदल्यात ती ठराविक काळ, साधारण वर्षभर, तिथेच राहायचं कबूल करते. म्हणजे दोन्ही बाजूंनी शब्द दिलेला असतो. तुमच्या विश्वस्तांना बॉन्ड हवाच असेल तर असा करा, एका पानाचा, साध्या मराठीत, त्यात संस्थेने काय द्यायचं ते आधी लिहा, कोर्स झाल्याच्या पुढच्या महिन्यापासून पगार किती हे आकड्यात लिहा, आणि मग तिच्याकडून वर्षभराची अपेक्षा लिहा. घरी काही अडचण आली, नवऱ्याची बदली झाली, तर तिच्याकडून पैसे वसूल करणार नाही हेही लिहून टाका.

आणि एवढं करूनही एखादी गेलीच तर जाऊ दे. नाशिकमधल्याच कुठल्यातरी मुलांना ती शिकवतेय ना. तुमची संस्था धर्मादाय आहे, तेव्हा हा खर्च वाया गेला असं मी तरी म्हणणार नाही.

प्रश्न : एडिसन, न्यू जर्सीला माझं छोटं डेकेअर सेंटर आहे. असिस्टंट म्हणून काम करणाऱ्या दोघी मराठी आहेत, एक पुण्याची बीकॉम, एक बारावी. मुलांशी त्यांचं इतकं छान जमतं, पण क्वालिफिकेशन नाही म्हणून त्यांना वरची पोझिशन देता येत नाही. सीडीए हे इथलं बालसंगोपनाचं प्रमाणपत्र करावं म्हणतेय. त्यांना इंग्लिश लिहायची भीती वाटते. कसं करू?

सीडीए म्हणजे चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट, आणि तुमच्या दोघींसाठी मला तेच बरोबर वाटतं, कारण त्यात पुस्तकी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष वर्गात तुम्ही काय करता याला वजन आहे. हे क्रेडेन्शिअल १९७५ पासून दिलं जातंय आणि आता वॉशिंग्टनची काउन्सिल फॉर प्रोफेशनल रेकग्निशन ते देते. हायस्कूल पूर्ण पाहिजे, म्हणजे आपली बारावी, तेव्हा दोघींना शिक्षणाची अडचण नाही, फक्त भारतातली मार्कशीट तिथे कशी दाखवायची, इव्हॅल्युएशन लागतं का, हे आधी विचारून घ्या. मग १२० तासांचं ट्रेनिंग, आठ विषयांत विभागलेलं, प्रत्येक विषयात कमीत कमी दहा तास. ४८० तासांचा मुलांसोबतचा अनुभव, जो त्यांच्याकडे असणारच. पोर्टफोलिओ, पालकांकडून भरून घ्यायच्या प्रश्नावल्या, एक तज्ज्ञ तुमच्या सेंटरवर येऊन त्यांचं काम बघतो, आणि ६५ प्रश्नांची कॉम्प्युटरवरची परीक्षा. क्रेडेन्शिअल तीन वर्षं चालतं, मग रिन्यू करायचं. न्यू जर्सीत ग्रुप टीचरच्या पोझिशनसाठी सीडीए धरलं जातं, त्यामुळे तुमची अडचण सुटायला हवी.

भीती आहे ती पोर्टफोलिओतल्या लिखाणाची. त्यात सहा निबंधासारखे भाग असतात, मी मुलांची सुरक्षितता कशी सांभाळते, पालकांशी नातं कसं ठेवते असं स्वतःच्या कामाबद्दल लिहायचं. इथे तुम्ही मदत करू शकता पण लिहून देऊन नाही. आधी त्यांना मराठीत बोलू द्या. चहा घेऊन बसा आणि विचारा, तो दोन वर्षांचा मुलगा पहिले पंधरा दिवस रडत होता त्याचं काय केलंस गं? ती सांगेल, की मी त्याच्या आईकडून तिची ओढणी मागून घेतली, झोपताना जवळ दिली, आई परत येणार हे रोज त्याच शब्दांत सांगितलं, मग हळूहळू ओढणी बॅगेत गेली. फोनवर रेकॉर्ड करा. हाच तिचा निबंध आहे, सगळं मटेरियल त्यात आलं, आता ती ते साध्या छोट्या वाक्यांत इंग्लिशमध्ये लिहील, आणि तुम्ही फक्त व्याकरण बघा. भाषेपाशी अडकलेल्या बायकांना आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं, आणि मराठीत बोलल्या की लक्षात येतं किती येतंय ते.

त्या तज्ज्ञाच्या व्हिजिटच्या आधी तुम्ही स्वतः तासभर वर्गात बसून त्यांना बघा आणि मग शांतपणे बोला, म्हणजे परक्या माणसासमोर काम करायची सवय होईल. फीसाठी तुमच्या काउंटीतल्या चाइल्ड केअर रिसोर्स अँड रेफरल एजन्सीला फोन करा, स्कॉलरशिप, ग्रँट काय चालू आहे ते त्यांना माहीत असतं. आणि तुमच्या ओळखीतली आणखी कुणी एच-फोरवर, म्हणजे नोकरीवर आलेल्या नवऱ्यासोबतच्या व्हिसावर, असेल आणि यात यायचं म्हणत असेल तर तिला ईएडी, म्हणजे काम करायचा सरकारी परवाना, हातात आल्याशिवाय कामावर घेऊ नका, यात ढिलाई नको, तिच्या आणि तुमच्या दोघींच्या अंगाशी येईल.

प्रश्न : मी अहिल्यानगर जिल्ह्यात अंगणवाडीत मदतनीस आहे, सात वर्षं झाली. दहावी पास. आमच्या सेविकाताई म्हणतात तू पण सेविका होऊ शकतेस. मला शिकवायला आवडतं, गाणी-गोष्टी मीच घेते बऱ्याचदा. पण कोर्स सेविकांनाच देतात म्हणे. मी काय करू?

सेविकाताई बरोबर सांगतायत, आणि अशा सेविकाताई मिळाल्यात हे तुमचं नशीब आहे. केंद्र सरकारच्या सक्षम अंगणवाडी योजनेच्या नियमांत सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून भरायची असं म्हटलंय. तुमची सात वर्षं झालीत, म्हणजे अनुभवाची अट तुम्ही ओलांडली. अडतंय ते बारावीवर, कारण आपल्या राज्यात आता सेविका-मदतनीस दोन्ही पदांना बारावीच मागतात. म्हणून बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी बारावी. जवळच्या ज्युनिअर कॉलेजात १७ नंबर फॉर्मची चौकशी करा, त्याची मुदत पावसाळ्यातच चालू होते आणि उशीर केला की जादा फी. आर्ट्सचे विषय घ्या, मराठी, इतिहास, समाजशास्त्र, जे वाचून जमेल ते.

कोर्सचं म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी आणि पुढे शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचं बालशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा डिप्लोमा असं लिहिलंय. टीव्हीवरून, मोबाइलवरून शिकायचं, आणि शाळांच्या समूह साधन केंद्रात (क्लस्टरला) महिन्यातून निदान एक प्रत्यक्ष वर्ग. कल्पना चांगली आहे. पण धोरण लिहिणाऱ्यांनी म्हटलं होतं की कामात कमीत कमी अडथळा येऊन शिकता यावं, आणि तुम्हाला माहितीये प्रत्यक्ष काय होतं, पोषण ट्रॅकर ॲप भरा, वजनं घ्या, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटा, सर्व्हे करा, आणि उरलेल्या वेळात शिका. सेविकेला शिकवायचं तर त्या महिन्यांत तिच्या अंगावरची बाकीची कामं कुणीतरी कमी केली पाहिजेत, हे मी इथे मुद्दाम लिहितेय कारण हे सदर काही सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडमही वाचतात. मॅडम, निदान वर्गाच्या दिवशी दुसरी माहिती मागू नका.

तुम्ही एक करा. पोषण भी पढाई भी हे २०२३ मध्ये सुरू झालेलं ट्रेनिंग तुमच्या सेविकाताईंनी केलं असेल, तीन दिवसांचं असतं. ते क्रेडेन्शिअल नाही, पण त्यातला तीन ते सहा वर्षांचा आधारशिला अभ्यासक्रम त्यांच्याकडून मागून वाचा आणि गाणी-गोष्टी घेता तेव्हा त्याप्रमाणे घेऊन बघा. बीट मीटिंगमध्ये, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीत, पर्यवेक्षिकाताईंसमोर सेविकाताईंना सांगायला लावा की हे मदतनीस घेते. आणि आतापर्यंत जे काही ट्रेनिंग झालं असेल, एका दिवसाचं असलं तरी, त्याचं पत्र, हजेरीची झेरॉक्स, सगळं एका फाइलला लावून ठेवा.

प्रश्न : मी सांगलीत एका पाळणाघरात आहे, बारावी २००४ ला झाले. मॅडमनी डिप्लोमाला नाव घातलं. आता असाइनमेंटमध्ये 'मुलाचे निरीक्षण करून नोंद लिहा' असं आहे आणि मला दोन ओळींच्या पुढे लिहिता येत नाही. माझ्यासोबतची म्हणते झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतं, तेच उतरव. मी काय लिहू?

तयार उतरवू नका, आणि मी हे फक्त नियमासाठी सांगत नाहीये. या एका कामात तुम्ही ते विकत देणाऱ्याच्या कितीतरी पुढे आहात. त्याने तुमच्या वर्गातलं मूल बघितलेलं नाही, तुम्ही रोज नऊ तास बघता.

तुम्ही पाठवलेली नोंद अशी होती, "मुलगी हुशार आहे. तिला पाण्यात खेळायला आवडतं." हे तुमचं मत झालं. मत नंतर. आधी डोळ्यांना जे दिसलं ते क्रमाने लिहायचं, जसं तुम्ही संध्याकाळी आईला दारात सांगता तसंच. मी नमुना देते: "सकाळी साडेनऊ. मुलगी वय तीन वर्षं दोन महिने. दोन पेले घेतले. एकातलं पाणी दुसऱ्यात ओतलं, निम्मं खाली सांडलं. माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. स्वतः जाऊन फडकं आणलं, पुसलं, फडकं तिथेच ठेवलं. परत ओतलं, या वेळी हळू. पेला भरत आल्यावर थांबली आणि म्हणाली, आता बास. शेजारच्या मुलाने पेला ओढला तर 'माझं झाल्यावर तू' म्हणाली." बघा, किती ओळी झाल्या? आणि आता पुस्तक उघडा. हाताचा ताबा, डोळे आणि हात एकत्र काम करणं, भरलेलं-रिकामं कळणं, सांडलं तर न घाबरता उपाय शोधणं, भाषा वापरून आपली पाळी सांभाळणं, हे सगळे मुद्दे पुस्तकात आहेत, ते तुमच्या नोंदीतल्या कुठल्या ओळीला लागतात ते समासात लिहायचं. परीक्षकाला हेच हवं असतं. "मी काही बोलले नाही" ही ओळ तर अजिबात गाळू नका, कारण तिथे तुम्ही शिक्षिका म्हणून एक निर्णय घेतलाय.

वीस वर्षांनी पेन हातात धरलंय तर हात दुखणार, अक्षर वाकडं येणार, चालतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि मग १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांच्या बालवाड्यांचं जे काम उभं केलं, त्यात बालसेविका घडवणं हे बालवाडी चालवण्याच्या जोडीनेच चाललं. मुलांमध्ये राहून शिकणं ही आपल्याकडची जुनी, चांगली वाट आहे, तुम्ही काही कमी दर्जाचं करत नाही आहात.

लिहायला वेळ नसेल तर असं करा, मूल काही करत असताना मोबाइलवर हळू आवाजात बोलून ठेवा, मुलाचा व्हिडिओ मात्र काढू नका, पालकांची परवानगी नसते. नोंदीत खरं नाव न लिहिता नुसतं वय लिहा. दुपारी ऐकून वहीत उतरवा. मॅडमना सांगा की आठवड्यातून एकदा अर्धा तास माझ्या नोंदी वाचा आणि प्रश्न विचारा, त्यांनी नाव घातलंय तर तेवढं त्यांनी करायलाच हवं. असाइनमेंट देण्याआधी पूर्ण वहीची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा आणि सेंटरवर दिल्याची पोच सही-तारखेसकट घ्या, असाइनमेंट गहाळ होतात आणि मग मार्क लागत नाहीत. सोबतच्या त्या मैत्रिणीलाही एकदा तुमच्या शेजारी बसवा आणि तिच्या वर्गातल्या एखाद्या मुलाबद्दल तोंडी सांगायला लावा, लिहून घ्यायचं काम पहिल्या वेळी तुम्ही करा.